साडूभाऊंचं घोंगडं

३ डिसेंबर

साडूभाऊ,

नमस्कार. विनंती आहे म्हणूनच लिहितोय, विशेष काय ते खाली येईल. पत्र बघून तुम्ही दचकाल. घरात फोन आहे, पण तो बहिणी-बहिणींचा. आपण त्यावर 'हॅलो' म्हटलं की आमची थोरली इकडून आणि तुमची धाकटी तिकडून 'द्या इकडे' म्हणतात. म्हणून टपाल बरं.

मला झोप लागत नाही. दिवसभर लिफ्टच्या टपावर उभं राहून तारा तपासायच्या, तेलपाणी करायचं, आणि रात्री टक्क जागं राहायचं, असं चाललंय. पांघरुणाची काही कमी नाही. कापसाची रजइ आहे, तिच्यावर ब्लँकेट, त्यावर माझा जुना कोट. वजन इतकं होतं की कूस बदलायची तर आधी ठरवावं लागतं. तरी पाय गार ते गारच.

मला थंडी फार आणि हिला उकडतं. ती रात्री पांघरूण लाथेने उडवते. मी उठून परत तिच्या अंगावर घालतो, गारठेल म्हणून. ती परत उडवते. हे पहाटेपर्यंत चालायचं. आता गेल्या महिन्यापासून ती शिलाई मशीनच्या खोलीत गादी टाकून झोपते. 'थोडे दिवस' म्हणाली. माझं काही म्हणणं नाही. खोली तिची आहे, मशीनही तिचं आहे. मी फक्त झोपेबद्दल लिहितोय.

मागच्या भेटीत तुम्ही लोकरीच्या रजइचं फार कौतुक करत होतात. मी लक्ष दिलं नव्हतं, कारण तुम्ही कौतुक बऱ्याच गोष्टींचं करता. पण ती थंडीवाल्याला आणि उकाडेवाल्याला, दोघांनाही चालते असं काहीसं म्हणाला होतात. ते खरं आहे का? खरं असेल तर ती दुहेरी मापाची मिळते का? एकेरी नको. तसं काही खास कारण नाही.

तुमचा
थोरला साडू


९ डिसेंबर

प्रिय साडूभाऊ,

पत्र पोचलं. पहिल्यांदा महत्त्वाचं. 'रजई'तली ई दीर्घ असते. तुम्ही ती दर वेळी ऱ्हस्व लिहिलीत, पाय उघडे पडणारच.

आता लोकरीविषयी. मी गेली चार वर्षं लोकरीखाली झोपतो आणि छापखान्यात माझ्याइतका ताजातवाना मुद्रितशोधक दुसरा नाही. लोकर अंगाचा घाम शोषून घेते आणि हवेत सोडून देते. ती ऊब धरते, पण कोंडत नाही. त्यामुळे थंडी वाजणारा गरम राहतो आणि उकडणारा कोरडा राहतो. वजन म्हणाल तर नसल्यासारखं. दुहेरी माप मिळतं. बिनदिक्कत घ्या.

प्रश्न उरतो नावाचा. दुकानात त्याला ड्युव्हे म्हणतात. आपण का म्हणावं? रजई म्हटलं की कापूस आला, गोधडी म्हटलं की चिंध्या आल्या, दुलई म्हटलं की नुसता मऊपणा आला. लोकरीचं पांघरूण म्हणजे घोंगडं. घरात शब्द असताना शेजाऱ्याकडे मागायला जाऊ नये. तेव्हा यापुढे आपल्या पत्रांत त्याला घोंगडंच म्हणू, म्हणजे कसलाही गोंधळ होणार नाही.

तुमचा
धाकटा साडू

ता. क. भाऊजी, पाकीट चिकटवायला मला दिलं होतं, म्हणून वाचलं. हे गाढ झोपतात हे खरं आहे. लोकर येण्याआधीही झोपायचे. यांना झोपायला शेळीचं काय आणि मेंढीचं काय, काहीही चालतं. ताईला मी काही सांगणार नाही. — धाकटी


१८ डिसेंबर

साडूभाऊ,

घोंगडं आणलं. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "घरासाठी." त्यांनी इतकं फुगीर गाठोडं बांधून दिलं की आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी आणि घोंगडं एवढेच मावलो. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बाहेरच थांबले आणि आत कोण आहे म्हणून विचारू लागले.

तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. वजन नाही. पहिल्या रात्री अंगावर आहे ना म्हणून मी चाचपून पाहिलं. पायसुद्धा गरम होतात. थोडा मेंढीचा वास येतो, पण मेंढी स्वच्छ असावी.

ही बघायला आली. शिवणारीचं लक्ष कुठे जाणार? तिने आधी कडा उलटून टाके पाहिले. "बरे घातलेत," म्हणाली. मग विचारलं, "दुहेरी का आणलंत?" मी म्हटलं, "एकेरी संपली होती." ती म्हणाली, "असू दे, तुम्हाला ऐसपैस होईल," आणि दिवा घालवून मशीनच्या खोलीत गेली.

मी माझ्या बाजूला झोपतो. दुसरी बाजू नीट सारखी करून ठेवतो, सवय म्हणून. झोप अजून लागत नाही, पण लागेल हळूहळू. घोंगड्यात दोष नाही.

तुमचा
थोरला साडू


२४ डिसेंबर

प्रिय साडूभाऊ,

सुटलेला शब्द ओळखणं हा माझा धंदा आहे. तुमच्या पत्रात 'परत' हा शब्द सुटलाय. ताई परत याव्यात असं तुम्हाला वाटतं आणि तुम्ही मेंढीच्या वासाबद्दल लिहिताय. असो. मी दुरुस्त करून वाचलं.

उपाय सोपा आहे. माल चांगला असून भागत नाही, गिऱ्हाइकाला कळावा लागतो. भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला घोंगड्याचे गुण कळणार कसे? तुम्ही घोरा. चांगले खणखणीत घोरा. ताईंना वाटलं पाहिजे, अरे, असं काय आहे त्या घोंगड्यात? आणि सकाळी त्यांना चहा करून द्या. तो मशीनच्या खोलीत नेऊन देऊ नका, तुमच्या खोलीत बोलवा. त्या घोंगड्यावर टेकल्या, त्यांचा हात त्यावरून फिरला, की अर्धं काम झालं.

तुमचा
धाकटा साडू

ता. क. भाऊजी, घोरणं ही जाहिरात असते हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आमच्याकडे ती रोज असते, दिवा चालू ठेवून आणि छातीवर शब्दकोश ठेवून. घोंगडंही सगळं जाहिरातवाल्याच्याच अंगावर असतं. मी माझी जुनी चादर घेते. — धाकटी


२ जानेवारी

साडूभाऊ,

जागेपणी घोरायला फार कष्ट पडतात. माणूस झोपेत ते फुकट करतो म्हणून किंमत कळत नाही. दम लागतो, घसा बसतो, आणि मध्येच खोकला आला तर तोही झोपेतला वाटेल असा काढावा लागतो. तरी मी कसर ठेवली नाही.

परिणाम झाला. चार दिवसांनी ही म्हणाली, "बरं झालं बाई, तुम्हाला झोप लागायला लागली." इतका मोकळा चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मला वाटलं, आता उशी घेऊन येते. दुपारी सुतार आला. मशीनच्या खोलीत त्याने एकेरी खाटेचं माप घेतलं. खाली गादी टाकून हिची कंबर धरते, म्हणून कायमची खाट करायची म्हणे. मला विचारलं, "सांगू ना त्याला करायला?" मी म्हटलं, "बघू."

चहाही दिला. ती घोंगड्यावर टेकली, हातसुद्धा फिरवला. तेवढ्यात सुताराचा फोन आला, ती लगबगीने उठली आणि कप कलंडला. तिच्या बाजूवर ताटाएवढा डाग पडलाय.

तेव्हा आता दोन प्रश्न आहेत. डागाचं काय करू आणि खाटेचं काय करू? सुतार थांबलाय आणि डाग वाळत चाललाय. ताबडतोब कळवा, कार्डावर दोन ओळी पुरेत. तुम्ही लिहाल अगदी तसंच करीन. लिफ्टच्या कामात मी हेच शिकलोय, पुस्तिकेत असेल तेवढंच करावं. स्वतःची अक्कल चालवली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते.

तुमचा
थोरला साडू


६ जानेवारी (कार्ड)

साडूभाऊ,

पुरवणी छपाईला निघालीय, उभ्या उभ्या लिहितो. अजिबात घाई करू नका. घोंगडं भिजत ठेवा. निदान आठवडाभर तरी. मात्र थंडपणा नको, चांगली ऊब असू द्या. अधूनमधून थोडं हलवत राहा, म्हणजे सोडून दिलंय असं वाटणार नाही. ताईंनी विचारलं तर 'बघू' म्हणा. शेवटी सगळं आपोआप एकजीव होईल.

धा. सा.


१६ जानेवारी

साडूभाऊ,

तुमच्या कार्डाबरहुकूम केलं.

घोंगडं बाथरूमच्या टबात भिजत ठेवलं. थंडपणा नको म्हणालात, म्हणून सकाळ-संध्याकाळ गीझरचं कढत पाणी घातलं. हलवत राहा म्हणालात, म्हणून कामावरून आल्यावर बूट काढायच्या आधी धुण्याच्या दांड्याने हलवलं. हिने दाराबाहेरून विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "बघू." तिने विचारलं, "आंघोळ कुठे करायची?" मी म्हटलं, "बघू." आठवडाभर आम्ही दोघांनी शेजाऱ्यांकडे आंघोळी केल्या. घरात असा वास सुटला की खालच्या मजल्यावरून आम्ही जनावर पाळलंय का अशी चौकशी आली.

काल बाहेर काढलं. वरचं कापड होतं तेवढंच आहे. आतली लोकर आक्रसून, घट्ट होऊन एका कोपऱ्यात जमलीय. मोठ्या पाकिटात छोटी चिठ्ठी घालावी तसं झालंय. एकजीव होईल म्हणाला होतात, झालीय. चाकूनेसुद्धा सुटी होत नाही. तुमच्या कृपेने रजईतली ई कायमची ऱ्हस्व झाली. डाग मात्र होता तसाच आहे.

काल मला वाटलं होतं, तुम्ही डागाचं तेवढं सांगितलंत आणि खाटेचं विसरलात. आज दुपारी लिफ्टच्या टपावर डबा खाताना एकदम लक्षात आलं की तुम्ही खाटेचं सांगितलंत आणि डागाचं विसरलात. घास तसाच हातात राहिला. साडूभाऊ, दुसऱ्याचा चुकलेला स्वल्पविराम तुम्हाला खपत नाही. मग लोकरीच्या पांघरुणाला घोंगडं म्हणायचं हे तुम्हीच ठरवल्यावर तुम्ही असं कसं लिहिलंत?

काल घोंगडं बाहेर काढत असताना हिने दार ढकललं. पुढचं मी लिहीत नाही. ती म्हणते, मीच लिहिते. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालतोय. आधी हे वाचून लाजा, मग तिचं वाचा.

थोरला साडू


१६ जानेवारी

धाकटीच्या घरधन्यांना ताईचे आशीर्वाद. द्यावेत का, याचा थोडा विचार केला, पण देते.

तुम्हाला शब्दकोशातले सगळे शब्द येतात आणि आमच्या यांना दोनच येतात, वर आणि खाली. तुम्ही दोघं मिळून सल्लामसलत करत होतात हे मला आधी कळलं असतं तर मी घोंगडं कपाटात कुलपात ठेवलं असतं.

मी दार ढकललं तेव्हा हे टबाशेजारी स्टुलावर बसले होते. बाह्या वर केलेल्या, बोटं पाण्याने सुरकुतलेली आणि मांडीवर तो लोकरीचा गोळा. मी विचारलं, "हे काय चाललंय?" म्हणाले, "डाग काढत होतो." मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या घोंगड्यावर एक डाग. त्या बाजूला झोपायचं नाही, झालं." तर म्हणाले, "ती तुझी बाजू आहे."

मी म्हटलं, "माझी बाजू हवी कशाला? मी नसताना तुम्हाला किती छान झोप लागते, मला भिंतीतून ऐकू येतं." तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "ते मी जागा राहून घोरत होतो." आणि मग म्हणाले, "तू त्या खोलीत गेल्यापासून मला झोप नाही. लोकर वगैरे सगळं ठीक आहे, पण तू जाऊ नकोस." आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी तशीच टबाच्या काठावर बसले. साडी भिजली.

आता माझं ऐका, कारण माझंही चुकलंच. मी त्यांना कंटाळून गेले नव्हते. त्यांच्या कामावरच्या जोडीदाराने मला सांगितलं होतं की हे भरदुपारी लिफ्टच्या टपावर बसल्या बसल्या पेंगले. तेव्हा खालून कोणी लिफ्ट बोलावली असती तर? हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि तुम्हालाही लिहिलं नसणार. माझ्या या वयात अंगातून वाफा निघतात, म्हणून मी पांघरूण उडवते. हे उठून घालतात. या माणसाने जन्मात माझ्या एका चुकीवर पांघरूण घातलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर शेजाऱ्यांना कळतं. पण माझ्यावर मात्र रात्रभर घालत होते. मग झोपणार कधी? म्हणून मी उठून गेले. ते घोरायला लागले तेव्हा वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं. म्हणून खाट सांगितली. यांनी 'बघू' म्हटलं. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'हो' असाच होतो.

खरं सांगायचं तर त्या खोलीत मलाही झोप नव्हती. कोणी पांघरूण घालत नाही म्हणून जाग यायची.

आज सकाळी आम्ही दोघं त्याच दुकानात गेलो. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कोणासाठी?" हे म्हणाले, "आमच्यासाठी." दोन एकेरी घोंगडी आणली, त्यांना जाड आणि मला अगदी पातळ. पलंग एकच आहे. त्या गोळ्याचं म्हणाल तर लोकर अशी घट्ट झालीय की कापली तरी धागा सुटत नाही. मी त्यातून, वरून त्याचंच कापड लावून, घरात घालायच्या सपाता बेतल्यात. दोन जोड तुमच्यासाठी पाठवते. चहाचा डाग तुमच्या उजव्या सपातीवर येईल असं मी मुद्दाम बघितलंय.

खाटही तयार होऊन आली. आता ती मशीनच्या खोलीत नुसती उभी करून ठेवलीय. धाकटीला फोनवर सगळं सांगितलं, तर तिने फक्त खाटेचं माप विचारलं. तिच्याकडे जरा लक्ष द्या.

ताई


२६ जानेवारी

प्रिय साडूभाऊ,

दोन्ही पत्रं सांगितलेल्या क्रमाने वाचली. लाजलो. कार्डावरचा मजकूर आठवून आठवून पुन्हा तपासला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, याचंच वाईट वाटतं.

सपाता पोचल्या. फार उबदार आहेत. उजवी घालताना दर वेळी तुमची आठवण येते.

पण आता एक अडचण उभी राहिलीय. ती एकेरी खाट धाकटीने ताईंकडून मागून घेतलीय. टेम्पो गुरुवारी येणार. ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावायची असं ठरलंय, म्हणजे तिने ठरवलंय. मला म्हणाली, "दिवा तुमचा, शब्दकोश तुमचा, घोंगडंही सगळं तुमचंच. मला खाट पुरे." मी विचारलं, "थोडे दिवस का?" ती म्हणाली, "बघू."

ती इतकं शांतपणे म्हणाली की मला तिची चूक काढता आली नाही. काल रात्री मी तिची जुनी चादर हातात घेऊन पाहिली. पार विरलीय. चार वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिला काहीतरी बोलावं असं वाटतंय. तीन वेळा मसुदा केला, तिन्ही वेळा भाषा चांगली झाली आणि तिन्ही फाडले.

साडूभाऊ, मी काय करू? ताबडतोब कळवा, कार्डावर दोन ओळी पुरेत. तुम्ही लिहाल अगदी तसंच करीन.

या पत्राला ता. क. नाही. पाकीट मीच चिकटवलंय.

तुमचा
धाकटा साडू


२८ जानेवारी (कार्ड)

साडूभाऊ,

घोंगडं भिजत ठेवू नका. दिवा घालवा, पुस्तक खाली ठेवा, घोंगड्याची अर्धी बाजू तिच्या अंगावर घाला आणि तिला सरळ सांगा, जाऊ नकोस. मसुदा करू नका. मला एवढं बोलायला एक अख्खं घोंगडं लागलं. तुमचं अजून कोरडं आहे.

थो. सा.